दुसरा दोर

मेव्हण्याने सोमवारी सकाळी सुजलेलं मनगट पुढे केलं, तेव्हाच थोरल्याने ओळखलं की हा आठवडा आपल्याला सुखाने जेवू देणार नाही. मेव्हणा सायकलवरून पडला होता, तेही उभ्या सायकलवरून. "स्टँड लावत होतो भाऊजी, तेवढ्यात तोल गेला," एवढंच त्याला सांगता येत होतं. चालत्या सायकलवरून पडलेल्या माणसाला निदान चार लोकांत सांगता तरी येतं. इथे हात गेला तो गेला, वर हसू झालं.

थोरला विहिरी खोदायचा. त्याचा बापही तेच करायचा. गावात त्याला मिस्त्री म्हणत, घरात थोरला. खाली उतरून पहार चालवायची त्याने आणि वर रहाट सांभाळायचा मेव्हण्याने, अशी गेली दोन वर्षं वाटणी होती. रहाट म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. दोन खांब, त्यांवर आडवं लाकूड, लाकडाला गुंडाळलेला दोर आणि बाजूला फिरवायची लोखंडी मूठ. दोराला बादली अडकवली की दगडमाती वर येते, फळी अडकवली की माणूस वर येतो. वर पोचल्यावर मुठीत खुंटी घालायची की रहाट जागच्या जागी थांबतो. पण मधल्या वाटेवर खुंटी बसत नाही. तिथे मूठ सोडली की जे काही लटकलेलं असेल ते सरळ तळाला जातं. म्हणून या धंद्यात खाली कोण उतरतोय हे कुणी फारसं विचारत नाही. वर कोण आहे ते आधी विचारतात.

आणि एक रीत होती, थोरल्याच्या बापाच्याही आधीपासूनची. दिवसाचं काम संपलं की दोर मिस्त्रीच्या घरी जात नाही, दोर धरणाऱ्याच्या घरी जातो. त्याने तो हातभर हातभर करून चाचपायचा, कुठे धागा तुटलाय का बघायचं आणि सकाळी आपल्याच खांद्यावरून परत आणायचा. मेव्हणा चाचपत वगैरे नसे, पण घरी न्यायचा तरी.

काम चर्चच्या मागच्या विहिरीचं होतं. अर्धी वस्ती तिथे पाणी भरायची, आणि त्या उन्हाळ्यात तिथे बादलीला नुसता गाळ लागत होता. बायका अर्ध्या तासाच्या वाटेवरून घागरी आणत होत्या आणि येताजाता थोरल्याकडे अशा बघत होत्या की जणू पाणी यानेच लपवून ठेवलंय. विहीर आणखी एक पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीएवढी तरी, खाली न्यायला हवी होती. पावसाला तीन आठवडे होते. एकदा भिंती भिजल्या की कुणी शहाणा माणूस खाली उतरत नाही.

सोमवारी त्याने लोहाराला रहाटावर उभं केलं. अंगात ताकद बक्कळ, पण तो मूठ अशी फिरवायचा की जणू खाली भट्टी पेटवायची आहे. पहिल्याच फेरीत फळी गदागदा हलली आणि थोरल्याचा गुडघा दगडावर सोलपटून निघाला. मंगळवारी दूधवाला आला. त्याचा हात हलका होता, पण तोंड त्याहून हलकं. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "काय, बरं आहे ना?" विचारायचा आणि विचारताना मान वळवायचा. थोरला अर्ध्यावर लटकून दूधवाल्याच्या म्हशीच्या आजाराची सगळी हकिकत ऐकत राहिला. दुपारी वर आल्यावर त्याने त्याला हात जोडले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा धाकटा दारात बसून घायपाताचे धागे सारखे करत होता. धाकट्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पाय होता तेव्हा तो थोरल्याबरोबर विहिरीत उतरायचा, आता घरी बसून दोर वळायचा. चार गावांत त्याच्या दोराला मागणी होती.

"लोहार झाला, दूधवाला झाला," तो मान वर न करता म्हणाला. "उद्या चर्चच्या घंटावाल्या आजींना उभं करणार का, दादा?"

"पाय धुऊ दे आधी."

"आमेनला विचार."

आत चुलीपाशी थोरल्याची बायको काहीतरी ढवळत होती. ढवळायचा आवाज थांबला.

आमेनला नाव होतं. आईबापांनी ठेवलेलं, पाळकांनी पाणी शिंपडून पक्कं केलेलं. पण दोन वर्षांपूर्वी गावाने त्याचं नाव आमेन करून टाकलं, आणि गावाने ठेवलेलं नाव कुणाला पुसता येत नाही.

झालं होतं ते असं. या वस्तीत दुपारी बारा वाजता चर्चची घंटा होते. घंटा झाली की माणूस जिथे असेल तिथे थांबतो, हात जोडतो आणि छोटीशी प्रार्थना म्हणतो. दूध काढणारी सड सोडते, सुतार करवत लाकडातच ठेवतो. आईच्या कडेवर असल्यापासून लागलेली सवय, मनाला विचारायला कुणी थांबत नाही. विहिरीवरची माणसं म्हणूनच बाराच्या आत वर यायची. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, उन्हाचा अंदाज चुकला आणि खाली एक दगड काही केल्या सुटत नव्हता. घंटा झाली तेव्हा दगडांनी भरलेली बादली मधल्या वाटेवर होती आणि रहाटाची मूठ आमेनच्या हातात होती. त्याने हात जोडले.

बादली धाकट्याच्या पायावर पडली. थोरला बाजूलाच उभा होता, त्याला खरचटलंही नाही.

पुढच्या रविवारी पाळकांनी उपासनेत दोघांना पुढे बोलावलं होतं. थोरल्याने सगळ्या मंडळीसमोर आमेनला मिठी मारली, "तुला माफ केलं" असं मोठ्याने म्हटलं. बायका रडल्या, पाळकांचा चष्मा ओला झाला. थोरल्याने ते मनापासूनच म्हटलं होतं. पण सोमवारी रहाटावर मेव्हणा उभा होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बारा वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं, ज्याला "गड्या" म्हणून हाक मारली, त्याला त्यानंतर त्याने हाकच मारली नाही. आमेन रस्त्याच्या कडेला खडी फोडायला लागला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागला. प्रार्थनेला सगळे हात जोडायचे तेव्हा तो हात मांड्यांखाली दाबून बसायचा. थोरल्याने ते एकदा मागे वळताना पाहिलं होतं, आणि पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

बायको पळी हातात घेऊनच बाहेर आली.

"माझं त्याच्याशी वाकडं नाही," ती म्हणाली. "त्याच्या बायकोला बरं नव्हतं तेव्हा चार दिवस डबा मीच पोचवला. विचारा कुणालाही. पण डबा वेगळा आणि नवरा वेगळा."

"पाय माझा गेला, वहिनी," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच म्हणते!"

"त्याच्यासारखा हात गावात दुसरा नाही. दादा खाली दमला की त्याला दोरावरून वर कळायचं. आठवतंय ना, दादा?"

थोरल्याला आठवत होतं. न सांगता फळी खाली यायची. तो पाय धूत राहिला. धुऊन झाले तरी धूत राहिला. मग बायकोच म्हणाली, "ठेवायचाच असेल तर दुसरा दोर बांधा. तुमच्या कमरेला. झाडाला एक वेढा घालून त्याचं टोक मी धरून बसते. त्याचे हात सुटले तर माझे आहेत."

या धंद्यात दोन दोर कुणी बांधत नाही. एकमेकांत अडकतात, भिंतीवर घासतात, सुटे दगड पाडतात. थोरल्याला हे पहारीपेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो म्हणाला, "बरं," आणि त्याला हायसं वाटलं.

तो तसाच ओल्या पायांनी आमेनच्या घरी गेला. अंगणात खाट उभी करून दोरीने बांधलेली होती, शेजारी दोन ट्रंका. आमेन एका ट्रंकेवर बसून कुलपाची किल्ली लागतेय का बघत होता. थोरल्याला बघून उठला.

"कुठे निघालात?"

"बायकोच्या भावाकडे. तिकडे वीटभट्टी आहे." तो थोडा थांबला. "तिकडे कुणी ओळखत नाही."

"रहाटावर माणूस पाहिजे," थोरला म्हणाला. "पावसापर्यंत."

आमेनच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिने तोंडावर पदर धरला.

"मला सांगताय, मिस्त्री?"

पूर्वी तो थोरल्याला अरेतुरे करायचा. ते "मिस्त्री" थोरल्याच्या कानाला टोचलं. त्याने घाईघाईने उरलेलं सांगून टाकलं. दुसरा दोर असेल, तो घरची धरेल. आणि मुख्य दोर संध्याकाळी त्याच्याच घरी राहील, थोरल्याच्या.

आमेनने ऐकून घेतलं. दोर कुणाच्या घरी जातो हे त्यालाही माहीत होतं.

"बरं," तो म्हणाला. "दुसरा दोर आहे का तयार? नाहीतर उद्याचा दिवस त्यात जाईल."

बुधवार खरंच त्यात गेला. गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. पाळक कंदिलाची काच पुसत विहिरीपाशी आले. त्यांना सगळं कळलं होतं, या वस्तीत पाळकांना आणि न्हाव्याला सगळं कळतं.

"मी म्हणत होतो," ते चाचरत म्हणाले, "काम चालू आहे तोवर घंटा बंद ठेवली तर? चार दिवस. देव काही रागावणार नाही."

थोरल्याला वाटलं, वा, हे आपल्याला कसं सुचलं नाही. तेवढ्यात आमेन म्हणाला, "नको, पाळकसाहेब. घंटेने काय केलंय?"

पाळक काच पुसत परत गेले. घंटा वाजवणाऱ्या आजींना हे नंतर समजलं तेव्हा त्या दोन दिवस पाळकांशी बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्यांची घंटा एक मिनिट पुढेमागे झाली नव्हती.

थोरला फळीवर बसून खाली गेला. फळी हलली नाही. दोर असा उतरत होता की डोळे मिटले असते तर आपण खाली जातोय हेही कळलं नसतं. पण थोरल्याने डोळे मिटले नाहीत. वर बघत राहिला. विहिरीच्या तोंडाएवढ्या उजेडात त्याला रहाट दिसत होता, मुठीवरचे दोन हात दिसत होते, आणि बाजूला बायकोचा चेहरा. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, त्या दोन हातांकडे बघत होती.

असे तीन दिवस गेले. खाली गारवा होता, पण हवा जड. थोरला पहारीने फट शोधायचा, घणाने पाचर ठोकायचा, दगड निखळला की बादलीत भरायचा आणि भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. बादली वर जाताना एक खडाही खाली पडत नव्हता. दुसरा दोर मात्र सारखा मध्ये यायचा. पहारीत अडकायचा, पायात यायचा, आणि भिंतीवर घासून माती पाडायचा. शुक्रवारी त्याच्यामुळे मुठीएवढा दगड सुटला आणि थोरल्याच्या खांद्याला चाटून गेला. वरून दोघांचेही आवाज एकदम आले, "लागलं का?" तो म्हणाला, "नाही." खांदा रात्रभर ठणकत होता, ते त्याने बायकोला सांगितलं नाही.

साडेअकरालाच तो वर यायचा. मग घंटा व्हायची, बायको आणि तो हात जोडायचे. आमेन रहाटाच्या मुठीवर हात ठेवून उभा राहायचा, रिकाम्या रहाटाच्या. पाण्याला जाणाऱ्या लोकांपैकी कुणीतरी हमखास ओरडायचं, "आमेन, हात सांभाळ रे!" पहिल्या दिवशी थोरलाही गालात हसला होता. त्या हसण्याची त्याला नंतर लाज वाटली.

बायको घरी येऊन फार बोलत नव्हती. एकदा जेवताना म्हणाली, "माणूस खाली असला की तो पाणीही पीत नाही. कपाळावर माशी बसली होती, हात उचलला नाही." मग जणू कुणी तिच्याकडून काढून घेतलं असावं तसं पुढे म्हणाली, "मी फक्त बघितलं ते सांगते."

शनिवारी दुपारच्या जेवणानंतर थोरला पुन्हा उतरायला निघाला. बायकोने त्याच्या कमरेला दुसरा दोर बांधला. आमेनने मुठीतली खुंटी नीट बसली आहे ना हे बघितलं आणि जवळ आला.

"वहिनी, ही गाठ ताण पडला की सरकेल," तो म्हणाला. "मी दाखवू का?"

ती बाजूला झाली. आमेन थोरल्यासमोर गुडघ्यांवर बसला. गाठ सोडली, दोर दोनदा फिरवून घेतला, बोट घालून तो आवळत तर नाही ना ते बघितलं, पुन्हा बांधली. थोरल्याला वरून त्याचं डोकं दिसत होतं. टाळूवरचे केस विरळ झाले होते, कानामागे खडीची धूळ अजून होती. आपल्यावर विश्वास नाही म्हणून बांधलेला दोर सुटू नये म्हणून हा माणूस गुडघ्यांवर बसून गाठ घट्ट करत होता. जीव लावून करत होता.

"आता नाही सरकणार," आमेन उठत म्हणाला. "हात सुटलेच माझे, तर वहिनींना धरता येईल."

थोरल्याला त्याच्याकडे बघवेना. तो फळीवर बसला आणि खाली गेला. त्या दुपारी त्याने किती दगड काढले ते त्याला आठवलं नाही.

संध्याकाळी बायको शेजारच्या घरी गेलेली बघून तो धाकट्याजवळ उंबऱ्यावर बसला आणि गाठीची गोष्ट सांगितली. धाकटा हातातले धागे ओले करत होता.

"त्यात नवल काय," तो म्हणाला. "तो दोर वळलाय कुणी?"

"तू."

"दोर एकट्याला वळता येतो का, दादा? दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. तू सकाळी कामावर, वहिनी सकाळी शेतावर. दोन वर्षं टोक कोण धरतं असं वाटलं तुला? खुंटी?"

थोरल्याला खरंच तसंच वाटलं होतं. त्याने कधी विचारलं नव्हतं.

"पहिल्यांदा आला तेव्हा दारात उभा राहायचा," धाकटा म्हणाला. "आत यायचा नाही, बोलायचा नाही. मी शिव्या घालायचो. असल्या शिव्या दादा, की पाळकांना सांगितल्या तर त्यांनाच माफी मागावी लागेल. तो ऐकून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. महिनाभराने मला कंटाळा आला. म्हटलं, उभाच आहेस तर हे टोक धर. तेव्हापासून धरतोय. खडी फोडायला जायच्या आधी रोज तासभर. तू ज्याला लटकून दोन वर्षं खाली जातोस, तो प्रत्येक दोर त्याने धरलाय."

"आणि हा दुसरा?"

"हाही. बुधवारी सकाळी, तू विहिरीवर गेला होतास तेव्हा."

"कशासाठी आहे ते त्याला माहीत होतं?"

"तूच तर सांगून आला होतास. मला म्हणाला, जरा जास्त पीळ दे, पक्का होऊ दे."

समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकत सरकत छपरापर्यंत गेलं.

"तू त्याला माफ केलंस?" थोरल्याने शेवटी विचारलं.

"तुझ्यासारखं नाही. मंडळीसमोर, मोठ्याने, तसलं काही नाही." धाकट्याने धागे झटकले. "टोक दिलं हातात. पाळक ते प्रीतीला अट नसते म्हणून सांगतात ना, ते मला बाकावर बसून कधी कळलं नाही. कधी कधी अजूनही पाय दुखतो, जो नाहीच तो. त्या दिवशी राग येतो. त्या दिवशीही टोक त्याच्याच हातात असतं."

थोरला उठला. कोपऱ्यातला मोठा दोर खांद्यावर घेतला. मग दुसरा दोर उचलला, अंगणात गेला, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणून बांधला आणि बादलीतला धुतलेला सदरा झटकून त्यावर टाकला.

"वहिनी विचारेल," धाकटा म्हणाला.

"विचारू दे. कपडे वाळायला दोर पाहिजेच होता."

आमेन अंगणात होता. ट्रंका अजून तिथेच, खाट मात्र सोडलेली. थोरल्याने दोर त्याच्यासमोर धरला. आमेनने हात पुढे केले नाहीत.

"हा इथे असतो," थोरला म्हणाला. "रात्री बघून ठेव. सोमवारी येताना आण."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यावर सदरा वाळतोय."

आमेनने दोर घेतला. लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांवर घेतला आणि तिथेच उभा राहून हातभर हातभर चाचपायला लागला. थोरला घरी आला. बायको अंगणात त्या दोरासमोर उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं आणि आत गेली. रविवारभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. सोमवारी सकाळी तो निघाला तेव्हा म्हणाली, "डबा घेऊन येईन मी. बाराच्या आत वर या." तिचे डोळे सुजलेले होते.

त्या सोमवारी आभाळ सकाळपासूनच भरलं होतं. दहाच्या सुमाराला पहार एका फटीत गेली आणि बाहेर आली ती ओली. थोरल्याने फटीत बोट घातलं. थंड. त्याने घण घेतला. पाचर ठोकली, दगड हलला, आणि फटीतून बोटाएवढी धार आली. तो वर ओरडला, "लागलं!" वरून आमेनचं हसू ऐकू आलं. दोन वर्षांत ते हसू त्याने ऐकलं नव्हतं.

आता तो दगड काढल्याशिवाय वर जाणं शक्य नव्हतं. झऱ्याच्या तोंडाशी तो तसाच राहिला असता तर गाळाने पुन्हा तोंड बुजलं असतं. थोरला घोटाभर पाण्यात उभा राहून ठोकत राहिला. दगड निघाला, बादलीत गेला, वर गेला. अवजारं वर गेली. पाणी पोटऱ्यांवर आलं होतं. ऊन नव्हतं, वेळ कळत नव्हती. फळी खाली आली, तो बसला, दोराला दोन हिसके दिले आणि वर निघाला.

तो बरोबर अर्ध्यावर असताना घंटा झाली.

विहीर चर्चच्या मागेच. पहिला टोला भिंतींतून अंगात शिरला. आणि फळी थांबली.

थोरल्याने दोर दोन्ही मुठींत आवळला. खाली काळं पाणी चकाकत होतं, त्याच्या खाली त्यानेच फोडलेल्या कातळाच्या धारा होत्या. कमरेला काही नव्हतं. दुसरा टोला. त्याला दोन वर्षांपूर्वीचा बादलीचा आवाज आठवला, नंतरचा धाकट्याचा आवाज आठवला. त्याला वाटलं, मी वेडा आहे, मी बायकोचं ऐकायला हवं होतं. तिसरा टोला. फळी होती तिथेच होती. खालीही जात नव्हती.

मग वरून आवाज आला. आमेन प्रार्थना म्हणत होता. मोठ्याने, फुटक्या आवाजात, एकेक शब्द ओढून काढत. आणि रहाट करकरला. फळी वीतभर वर गेली. एक शब्द, एक फेरी. पुन्हा एक शब्द, पुन्हा एक फेरी. टोले चालूच होते. उजेड मोठा होत गेला.

कठड्यावर पाय टेकवून थोरला बाहेर आला आणि पहिल्यांदा त्याला बायको दिसली. ती झाडापाशी उभी होती. डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडलेले. डबा पायाशी उपडा पडला होता. झाडापाशी ज्या जागी ती तीन दिवस दोराचा वेढा धरून बसली होती, त्याच जागी ती उभी होती.

शेवटच्या टोल्यानंतर तिने डोळे उघडले. नवरा समोर दिसला. मग तिने स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. आधी तिला काही समजलं नाही. मग समजलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्या हातात दोर असता…" ती म्हणाली. "अहो, मी सोडला असता. मला कळलंही नसतं."

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

आमेन मूठ धरून तसाच उभा होता. थोरल्याने खुंटी घातली. "झालं," तो म्हणाला. "सोड आता." आमेनला सोडता येईना. बोटं लोखंडावर आखडली होती. थोरल्याने एकेक करून ती उकलली, आधी उजव्या हाताची, मग डाव्या. तळवे सोलवटून निघाले होते, मुठीला रक्त लागलं होतं.

"आता जोड," थोरला म्हणाला.

आमेनने मान हलवली. "राहू दे, मिस्त्री. म्हणून झालीय माझी."

थोरल्याने त्याला नावाने हाक मारली. गावाने ठेवलेल्या नव्हे, आईबापांनी ठेवलेल्या. "मी वर आलोय, गड्या," तो म्हणाला. "खाली कुणी नाही. जोड."

आमेनने विहिरीत वाकून बघितलं. खरंच कुणी नाही ना, हे बघितलं. मग ते दोन हात हळूहळू जवळ आले, सोललेले तळवे एकमेकांना टेकले, आणि तो ओठ घट्ट मिटून तसाच उभा राहिला. खांदे हलत होते. थोरल्याने आपले ओले, चिखलाने भरलेले हात त्याच्या हातांभोवती धरले आणि सोडले नाहीत.

बऱ्याच वेळाने आमेनने नाक पुसलं आणि विचारलं, "पाणी किती आहे?"

"पोटऱ्यांपर्यंत. चढतंय."

"मग इतका उशीर का केलास?" आमेन एकदम ओरडला. "बाराच्या आत वर यायचं ठरलं होतं ना आपलं? काही अक्कल आहे की नाही तुला?"

थोरल्याची बायको रडता रडता थांबून बघायला लागली. थोरला मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता, आणि त्याचं तोंड हसून हसून दुखायला लागलं होतं.